फिल कॅट्झ

फिलिप वॉल्टर कॅट्झ (३ नोव्हेंबर, इ.स. १९६२ – १४ एप्रिल, इ.स. २०००) हे अमेरिकन संगणक प्रोग्रामर होते. संक्षेपित फाइलींसाठी जगभर वापरले जाणारे झिप हे स्वरूप आणि पीकेझिप हा प्रोग्राम यांचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

शिक्षण व सुरुवातीची कारकीर्द

कॅट्झ यांचा जन्म अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मिलवॉकी येथील शाखेतून त्यांनी संगणकशास्त्राची पदवी घेतली. ॲलन-ब्रॅडली या कंपनीत काही काळ नोकरी केल्यावर १९८६ मध्ये त्यांनी पीकेवेअर ही स्वतःची कंपनी सुरू केली.

आर्क स्वरूपाचा वाद

त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून फाइली पाठवण्यास बराच वेळ व पैसा लागे. त्यामुळे सिस्टिम एन्हान्समेंट असोसिएट्स या छोट्या कंपनीचे आर्क हे संक्षेपण स्वरूप लोकप्रिय होते. कॅट्झ यांनी त्याच स्वरूपाच्या फाइली हाताळणारा, पण अधिक वेगवान असा पीकेआर्क हा प्रोग्राम काढला. १९८८ मध्ये मूळ कंपनीने त्यांच्यावर स्वामित्वहक्क व व्यापारचिन्ह यांच्या भंगाचा दावा लावला. मूळ प्रोग्राममधील टिपा व त्यांतील शुद्धलेखनाच्या चुकाही पीकेआर्कमध्ये आढळल्या. कॅट्झ यांनी भरपाई देऊन तडजोड केली. तरीही अनेक वापरकर्त्यांची सहानुभूती कॅट्झ यांच्याकडेच राहिली व आर्कचा वापर ओसरला.

झिप स्वरूप

१९८९ मध्ये कॅट्झ यांनी पीकेझिप प्रसिद्ध केला. झिप स्वरूपाचे तपशील त्यांनी सर्वांसाठी खुले ठेवल्याने कोणालाही झिप फाइल उघडणारा प्रोग्राम लिहिता येऊ लागला. १९९३ मधील आवृत्तीत डिफ्लेट ही पद्धत आली. तीत मजकुराचा पुन्हा येणारा भाग नव्याने न लिहिता मागील जागेचा निर्देश केला जातो, आणि वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत दिले जातात. पहिली कल्पना झिव्ह व लेम्पेल यांची (१९७७), तर दुसरी डेव्हिड हफमन यांची (१९५२) होय. उघडताना हेच निर्देश सोडवून मूळ फाइल जशीच्या तशी मिळते. झिपमधील फाइलींची सूची शेवटी असते. म्हणून अर्धवट उतरलेली झिप फाइल सहसा उघडत नाही.

मृत्यू

व्यावसायिक यश मिळूनही कॅट्झ एकाकी राहिले व मद्यपानाच्या आहारी गेले. १४ एप्रिल २००० रोजी मिलवॉकीतील एका हॉटेलच्या खोलीत ते मृतावस्थेत आढळले. दीर्घकालीन मद्यपानामुळे झालेला स्वादुपिंडातील रक्तस्राव हे मृत्यूचे कारण होते. त्यावेळी त्यांचे वय ३७ वर्षे होते.

वारसा

डिफ्लेट पद्धत पीएनजी चित्रे व जीझिप फाइलींतही वापरली जाते. डॉक्स दस्तऐवज, ईपब पुस्तके आणि अँड्रॉइड फोनवरील एपीके फाइली मुळात झिपच असतात. भारतात आधारची ऑफलाइन ई-केवायसीही झिप फाइलच्या रूपात मिळते व ती उघडण्यासाठी धारकाने ठरवलेला शेअर कोड लागतो. झिप फाइलीच्या आरंभी साधारणपणे पी आणि के ही रोमन अक्षरे असतात; ती फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे होत.