गांधीजींची दोन ऑपरेशन्स आणि तुमची भूल

‘सकाळी ऑपरेशन, संध्याकाळी घरी’ असं ऐकलं की तुम्हाला वाटतं, भूल म्हणजे नुसती एक सुई. त्याआधी महात्मा गांधींची दोन ऑपरेशन्स पाहा.

१९१८ मध्ये खेडा जिल्ह्यातल्या दगदगीनंतर गांधीजींना आमांश झाला. हवापालटासाठी ते आपल्या माथेरानला आले. तिथलं जड पाणी मानवलं नाही. गुदद्वाराला चिरा, म्हणजे फिशर, असल्याने शौचाच्या वेळी असह्य दुखायचं. ते मुंबईला परतले. डॉ. दलालांनी आधी अंगात ताकद आणायला सांगितलं. दूध न पिण्याचं व्रत होतं, म्हणून कस्तुरबांनी शेळीच्या दुधाचा मार्ग सुचवला. त्यानंतर ऑपरेशन झालं आणि ते यशस्वी ठरलं.

दुसऱ्या वेळी तयारीला वेळच नव्हता. येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्स सुजलं. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी लेखी संमती दिली. क्लोरोफॉर्मची भूल देऊन कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली, शेवट कंदिलाच्या उजेडात झाला. ५ फेब्रुवारीला सुटका झाली, तरी नंतर जुहूला विश्रांती घ्यावीच लागली.

क्लोरोफॉर्म थोडा जास्त झाला तरी श्वास किंवा हृदय थांबू शकायचं. आज औषधं अधिक सुरक्षित आहेत आणि रक्तातला ऑक्सिजन यंत्रावर सतत दिसतो. म्हणून फिशरचं ऑपरेशन बहुतेकदा त्याच दिवशी घरी जाण्यासारखं झालं आहे. पण आधीची तयारी आणि नंतरची काळजी तुमच्याच हातात आहे.

दमा, मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, तंबाखू, आधीच्या भुलीचा त्रास, काहीही लपवू नका. सांगितलेल्या वेळेपासून उपाशी राहा, चहा-बिस्किटही नको. पोटातलं अन्न फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं. सोबत जाणतं माणूस हवंच. पूर्ण भूल किंवा गुंगीचं औषध घेतल्यावर २४ तास गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नका.

बोर्ली पंचतनहून मोठं रुग्णालय लांब आहे. रात्री रक्तस्राव झाला, उलट्या थांबल्या नाहीत, लघवी अडली किंवा श्वास लागला, तर कुठे जायचं हे आधीच विचारून ठेवा. शक्य असेल तर पहिली रात्र रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे काढा. घरी जायची घाई नको.