कुरणातली शाळा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील बालवाड्यांत कीटकांची ओळख बहुधा भिंतीवरच्या रंगीत तक्त्यावरून होते. फुलपाखरू, मुंगी, कोळी सारे एकाच आकाराचे. सहा पायांची मुंगी आणि आठ पायांचा कोळी हा भेदही त्यात हरवतो. मात्र जिवंत सृष्टीच लहान मुलांच्या शिक्षणाचे साधन ठरवणारा एक मोठा प्रयोग याच ठाणे जिल्ह्यात झाला. बोर्डी आणि कोसबाड २०१४ पर्यंत याच जिल्ह्यात होते. आता ती पालघरमध्ये मोडतात.

तो प्रयोग उभारणाऱ्या ताराबाई मोडक यांचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत, प्रार्थना समाजाच्या विचारांत वाढलेल्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. विवाह मोडल्यावर मुलीला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तिथल्या महिला अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. ते स्थैर्य सोडून १९२३ मध्ये त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांचे बालमंदिर गाठले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे दादरला शिशुविहार सुरू झाले.

पण मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग. ती सुखवस्तू घरांतल्या मुलांपुरतीच उरणार, ही बोच ताराबाईंना होती. वयाची पन्नाशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, त्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ आल्या. बालवाडी उघडली, तरी दलित वस्तीतील मुले फिरकेनात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी.

१९५७ मध्ये कार्य कोसबाडच्या टेकडीवर हलले. तिथल्या आदिवासी मुलांची अडचण निराळी होती. हाती गुरे, ती सोडून शाळेत बसणार कोण? मग शिक्षक गुरांमागे कुरणात जाऊ लागले. ही कुरणशाळा. शिंपले, बिया, खडे, पाने, फुले ही मोजणीची आणि रंग-आकार ओळखण्याची साधने झाली. तिथे निसर्गाचा तक्ता टांगण्याची गरजच नव्हती. वारूळ, नाकतोडा, पावसाळ्यातला खेकडा हे मुलाच्या रोजच्या पाहण्यातले. शिक्षकाने करायचे ते एवढेच, की त्या पाहण्याला नाव, संख्या आणि प्रश्न जोडून द्यायचा. खरे तर शिक्षकाच्या कौशल्याची परीक्षा इथेच होती. कारण वारली मुलाला रान ठाऊक असे, शहरातून आलेल्या गुरुजींना नसे.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. विकासवाडी या त्यांच्या योजनेत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र होती, कारण धाकटे भावंड सांभाळणाऱ्या मुलीलाही शिकता यावे. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या अखेरीपर्यंत, कोसबाडचे काम सांभाळले.

१९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना आखली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. ते देशभर पोहोचले. कुरणशाळेच्या वाट्याला मात्र तसे भाग्य आले नाही.