इग्नाझ सेमेलवाइस : हातांवरील मृत्यू ओळखणारा वैद्य

सूतिकाज्वराचे कारण शोधून तो टाळण्याचा उपाय सांगणारे हंगेरियन वैद्य डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांचे १३ ऑगस्ट १८६५ रोजी व्हिएन्ना येथील मनोरुग्णालयात वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी निधन झाले. हाताच्या बोटाला झालेली जखम चिघळून तिचा दोष साऱ्या शरीरात पसरला होता. ज्या विकाराविरुद्ध त्यांनी आयुष्य वेचले, त्याच विकाराने त्यांचा अंत केला. आज हा विकार सेप्सिस या नावाने ओळखला जातो. अतिदक्षता विभागात दाखल रुग्णांची मूत्रपिंडे अचानक निकामी होण्यामागे तो सर्वांत मोठे कारण आहे. म्हणूनच दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतरही सेमेलवाइस यांचे चरित्र वैद्यकाच्या इतिहासापुरते मर्यादित राहिलेले नाही.

बुडा ते व्हिएन्ना

सेमेलवाइस यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी बुडा येथे झाला. हे शहर आज बुडापेस्टचा भाग आहे. वडील किराणा मालाचे व्यापारी होते व दहा भावंडांत इग्नाझ पाचवे. कायद्याच्या शिक्षणासाठी १८३७ मध्ये ते व्हिएन्नाला गेले. परंतु लवकरच त्यांचा ओढा वैद्यकाकडे वळला. १८४४ मध्ये त्यांना वैद्यकातील पदवी मिळाली. पुढे प्रसूतिशास्त्राची निवड करून १८४६ मध्ये ते व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयातील पहिल्या प्रसूतिविभागात प्राध्यापक योहान क्लाइन यांचे साहाय्यक झाले.

या रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. १८४० पासून पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, तर दुसऱ्यात सुईणींचे प्रशिक्षण होई. गरीब, निराधार आणि अविवाहित स्त्रिया येथे बाळंतपणासाठी येत. कोणत्या विभागात प्रवेश मिळेल हे त्या दिवशी कोणाची पाळी आहे यावर ठरे; स्त्रीची प्रकृती वा परिस्थिती यांचा त्याच्याशी संबंध नसे.

तरीही दोन्ही विभागांतील मृत्यूंत मोठी तफावत होती. १८४६ या एका वर्षात पहिल्या विभागात ४,०१० प्रसूती झाल्या आणि ४५९ स्त्रिया दगावल्या, म्हणजे शेकडा अकराहून अधिक. त्याच वर्षी दुसऱ्या विभागात ३,७५४ प्रसूतींमागे १०५ मृत्यू झाले. हे प्रमाण शेकडा तीनपेक्षाही कमी होते. शहरातील स्त्रियांना ही गोष्ट ठाऊक होती. पहिल्या विभागात पाठवू नये म्हणून त्या गुडघे टेकून विनवणी करीत. कित्येकींची प्रसूती रुग्णालयाच्या वाटेवरच होई. आश्चर्य म्हणजे, रस्त्यावर बाळंत झालेल्या या स्त्रियांना सूतिकाज्वर क्वचितच होई.

कारणाचा शोध

त्या काळी सूतिकाज्वराचे खापर दूषित हवा, ऋतुमान, दाटी, आहार, मनाला बसलेला धक्का अशा अनेक गोष्टींवर फोडले जाई. सेमेलवाइस यांनी दोन्ही विभागांची तुलना करून यांतील एकेक कारण बाजूला सारले. हवा आणि ऋतू दोन्ही विभागांना सारखेच होते. दाटी तर दुसऱ्या विभागातच अधिक होती, कारण पहिल्या विभागात जाण्यास स्त्रिया तयार नसत. मरणासन्न रुग्णांसाठी येणारे धर्मगुरू पहिल्या विभागातून घंटा वाजवीत जात. त्या आवाजाच्या धास्तीने स्त्रिया आजारी पडतात की काय, हेही त्यांनी तपासले. धर्मगुरूंना घंटेविना आणि दुसऱ्या वाटेने जाण्याची विनंती करण्यात आली. मृत्यू मात्र थांबले नाहीत. प्रसूतीच्या वेळी कुशीवर निजवण्याची दुसऱ्या विभागातील पद्धत पहिल्यात आणूनही फरक पडला नाही.

उत्तर अनपेक्षित दिशेने आले. मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस व्हेनिसहून परतले, तेव्हा त्यांचे स्नेही व न्यायवैद्यकाचे प्राध्यापक याकोब कोलेच्का यांच्या मृत्यूची वार्ता त्यांना कळली. शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी कोलेच्का यांच्या बोटाला लागली होती. त्या लहानशा जखमेतून दोष अंगभर पसरला आणि त्यातच ते दगावले. त्यांच्या शवविच्छेदनाचा अहवाल वाचताना सेमेलवाइस यांच्या ध्यानात आले की, रक्तवाहिन्या, फुप्फुसांची व हृदयाची आवरणे आणि उदरपोकळी यांत आढळलेली लक्षणे सूतिकाज्वराने मरण पावलेल्या स्त्रियांतील लक्षणांसारखीच आहेत.

तेथून पुढचा निष्कर्ष सरळ होता, पण तो स्वीकारणे कठीण होते. पहिल्या विभागातील डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करीत व त्याच हातांनी बाळंतिणींची तपासणी करीत. साबणाने हात धुतले तरी मृतदेहांचा वास हातांना राहत असे. सुईणी शवविच्छेदन करीत नसत. कोलेच्का यांच्या शरीरात जे सुरीने नेले, तेच या स्त्रियांच्या शरीरात डॉक्टरांच्या बोटांनी जात होते. स्वतः सेमेलवाइस अत्यंत निष्ठेने शवविच्छेदन करीत. आपल्यामुळे किती स्त्रिया अकाली मृत्यू पावल्या हे परमेश्वरासच ठाऊक, अशी वेदना त्यांनी पुढे आपल्या लेखनात व्यक्त केली.

मे १८४७ च्या मध्यास त्यांनी नियम घातला की, बाळंतिणीस स्पर्श करण्यापूर्वी प्रत्येकाने क्लोरीनच्या द्रावणात हात धुतले पाहिजेत. पुढे खर्च कमी व्हावा म्हणून क्लोरीनयुक्त चुना, म्हणजेच ब्लीचिंग पावडर, वापरण्यात येऊ लागली. एप्रिलमध्ये मृत्यूचे प्रमाण शेकडा १८ होते. जुलैमध्ये ते शेकडा १.२ वर आले. १८४८ या संपूर्ण वर्षात पहिल्या विभागात ३,५५६ प्रसूतींमागे ४५ मृत्यू झाले. त्या वर्षी मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत एकही स्त्री दगावली नाही. दोन्ही विभागांतील तफावत नाहीशी झाली होती.

ऑक्टोबर १८४७ मधील एका दुर्घटनेने या सिद्धान्तात भर घातली. गर्भाशयाच्या कर्करोगाचा स्राव होत असलेल्या एका रुग्णेची तपासणी प्रथम झाली आणि त्यानंतर त्याच रांगेतील इतर स्त्रियांची. दोन रुग्णांच्या मध्ये केवळ साबणाने हात धुतले गेले होते. त्या वेळी प्रसूत झालेल्या बारा स्त्रियांपैकी अकरा जणी दगावल्या. दोष केवळ मृतदेहांतूनच नव्हे, तर जिवंत शरीरातील सडत्या जखमेतूनही येऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. यापुढे प्रत्येक रुग्णेच्या तपासणीपूर्वी हात निर्जंतुक करणे आवश्यक ठरले.

विरोध आणि एकाकीपण

योसेफ श्कोडा, कार्ल फॉन रोकिटान्स्की आणि फर्डिनांड फॉन हेब्रा या व्हिएन्नातील मान्यवर वैद्यांनी सेमेलवाइस यांना पाठिंबा दिला. तथापि प्राध्यापक क्लाइन यांना हे विचार रुचले नाहीत. मार्च १८४९ मध्ये सेमेलवाइस यांच्या पदाची मुदत वाढवण्यात आली नाही. १८५० मध्ये अध्यापनाची परवानगी मिळाली, पण ती केवळ प्रतिकृतीवर शिकवण्यापुरती. अवघ्या काही दिवसांत, साहाय्यकर्त्या मित्रांचाही निरोप न घेता, ते व्हिएन्ना सोडून मायदेशी निघून गेले.

पेस्ट येथील सेंट रोखुस रुग्णालयात १८५१ पासून त्यांनी विनावेतन काम पाहिले. पुढील काही वर्षांत तेथे झालेल्या ९३३ प्रसूतींमध्ये सूतिकाज्वराने केवळ आठ स्त्रिया दगावल्या. १८५५ मध्ये ते पेस्ट विद्यापीठात प्राध्यापक झाले. १८५७ मध्ये मारिया वाइडेनहोफर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. झुरिच विद्यापीठाचे निमंत्रण त्यांनी नाकारले.

त्यांच्या अपयशाचा सारा दोष विरोधकांवर टाकता येत नाही. हात धुण्याच्या प्रयोगाला यश आल्यानंतर पहिली काही वर्षे त्यांनी स्वतः काहीही प्रसिद्ध केले नाही. त्यांच्या शोधाची माहिती मित्रांच्या लेखांतून व व्याख्यानांतून पसरली आणि तीही अनेकदा अपुरी. त्यांचा ग्रंथ १८६१ मध्ये, म्हणजे सुमारे चौदा वर्षांनी, जगासमोर आला. ग्रंथाला प्रतिकूल प्रतिसाद मिळताच त्यांनी युरोपातील नामांकित प्रसूतितज्ज्ञांना उद्देशून खुली पत्रे लिहिली. त्यांतील भाषा जळजळीत होती. उपाय न स्वीकारणाऱ्यांना त्यांनी स्त्रियांच्या हत्येस जबाबदार धरले. शिवाय, जंतूंचा सिद्धान्त अद्याप प्रस्थापित झाला नसल्याने हातांवर नेमके काय असते याचे समाधानकारक उत्तर त्यांच्यापाशी नव्हते.

हा विचार मांडणारे ते पहिलेच होते असेही नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे अलेक्झांडर गॉर्डन यांनी १७९५ मध्ये आणि अमेरिकेत ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी १८४३ मध्ये सूतिकाज्वर वैद्य व सुईणींमार्फत पसरतो असे सांगितले होते. सेमेलवाइस यांचे वेगळेपण असे की, त्यांनी उपाय योजून त्याचा परिणाम महिन्यागणिक आकड्यांत दाखवला. परंतु आकडे मान्य करायचे, तर आपल्याच हातून रुग्ण दगावले हेही प्रत्येक डॉक्टराला मान्य करावे लागे. जर्मनीतील कील येथील प्रसूतितज्ज्ञ गुस्टाव मिखाएलिस यांनी तो निष्कर्ष मनोमन स्वीकारला. आपण तपासलेल्या एका नातलग स्त्रीच्या मृत्यूचा सल त्यांना असह्य झाला आणि १८४८ मध्ये त्यांनी जीवन संपवले. बहुतेकांनी मात्र निष्कर्षच नाकारला.

१८६५ च्या सुमारास सेमेलवाइस यांच्या वागण्यात चिंताजनक बदल दिसू लागले. जुलैच्या अखेरीस त्यांना व्हिएन्नाला आणून मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. तेथे त्यांना मारहाण झाली असावी, असे नंतर उजेडात आलेल्या कागदपत्रांवरून अभ्यासक मानतात. दोन आठवड्यांत त्यांचा मृत्यू झाला. त्याच्या आदल्याच दिवशी, १२ ऑगस्ट १८६५ रोजी, ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर यांनी एका मुलाच्या पायाच्या जखमेवर कार्बॉलिक आम्लाचा प्रयोग केला होता. निर्जंतुक शस्त्रक्रियेचे युग तेथून सुरू झाले. १८७९ मध्ये लुई पाश्चर यांनी सूतिकाज्वराशी निगडित साखळीसारखे जंतू दाखवून दिले आणि सेमेलवाइस यांच्या द्रावणाने हातांवरून काय नाहीसे होत होते, हे जगाला कळले.

आजच्या अतिदक्षता विभागात

प्रसूतीनंतर गर्भाशयात जी जखम उरते, तेथून जंतू रक्तात शिरत. ताप, पोटात पू, नाडीची गती वाढणे आणि अखेर शुद्ध हरपणे अशा क्रमाने स्त्रिया दगावत. त्यांच्या मूत्रपिंडांत काय घडत होते हे मोजण्याचे साधन त्या काळी नव्हते. आज रक्तातील क्रिएटिनिनची वाढ आणि दर तासाला होणाऱ्या लघवीचे प्रमाण यांवरून मूत्रपिंडांवरील आघात काही तासांत ओळखता येतो. २०१६ पासून सेप्सिसची व्याख्याही बदलली आहे. जंतुसंसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेताल होऊन अवयव जीवघेण्या प्रमाणात बिघडणे, असे आता मानले जाते.

रक्तदाब घसरल्याने मूत्रपिंडांना रक्त कमी मिळते व म्हणून ती निकामी होतात, असा पूर्वी समज होता. मेंढ्यांवरील प्रयोगांत मात्र सेप्सिसमध्ये मूत्रपिंडांकडील रक्तप्रवाह कायम राहूनही किंवा वाढूनही त्यांचे कार्य खालावल्याचे आढळले. त्यामुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतील बिघाड, दाह आणि पेशींच्या ऊर्जावापरातील बदल यांकडे संशोधकांचे लक्ष वळले आहे. निकामी झालेल्या मूत्रपिंडांना पूर्ववत करणारे खात्रीचे औषध अद्याप उपलब्ध नाही. जंतूंवर वेळेत प्रतिजैविके देणे, रक्तदाब सांभाळणे आणि आवश्यक तेव्हा डायलिसिस करणे यांवरच उपचार आधारलेले आहेत.

डायलिसिस लवकर सुरू केल्यास रुग्ण वाचतील का, हा प्रश्न अनेक वर्षे वादाचा होता. १५ देशांतील सुमारे तीन हजार रुग्णांचे दोन गट करून त्याचा पडताळा घेण्यात आला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच, शेकडा ४४ च्या आसपास होते. व्हिएन्नातील दोन विभागांची तुलना ज्या विचाराने झाली, त्याच विचाराचे हे शास्त्रशुद्ध, प्रगत रूप होय. फरक इतकाच की, सेमेलवाइस यांच्या तुलनेतून उपाय हाती आला, तर या तुलनेने एका उपायाविषयीची आशा मर्यादित केली.

एका जागतिक अभ्यासानुसार २०१७ मध्ये सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण होते आणि १ कोटी १० लाख मृत्यू सेप्सिसशी निगडित होते. बाळंतपण व असुरक्षित गर्भपात यांतून होणारा जंतुदोष हा भारतातही स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होण्यामागील जुना शत्रू आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानंतर सुरक्षित सेवा उपलब्ध होत गेली, तसे अशा रुग्णांचे प्रमाण घटत गेल्याचे उत्तर भारतातील रुग्णालयीन नोंदींतून दिसून आले. रोग झाल्यावर झुंजण्यापेक्षा तो होऊ न देणे अधिक परिणामकारक, याची ही साक्ष आहे.

बुडापेस्टमधील सेमेलवाइस यांच्या जन्मघरी आज वैद्यकाच्या इतिहासाचे संग्रहालय असून तेथेच त्यांचे अवशेष जपण्यात आले आहेत. त्यांनी जेथे अध्यापन केले, त्या वैद्यकीय विद्यापीठाला १९६९ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. त्यांच्या शोधाशी संबंधित दस्तऐवजांचा २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत समावेश झाला. अतिदक्षता विभागाच्या दाराशी आणि प्रत्येक रुग्णाच्या खाटेपाशी हात निर्जंतुक करण्यासाठी द्रावणाची बाटली ठेवलेली असते. रुग्णाला भेटण्यास गेलेल्या नातेवाइकालाही ती वापरावयास सांगितले जाते. तो नियम व्हिएन्नातील त्या प्रसूतिविभागात मे १८४७ मध्ये प्रथम अमलात आला होता.