मास्किंग टेपवाला ड्रू
सुट्टीत बाबांच्या गाडीचं पोचलेलं दार घरीच रंगवायला घेतलं. लांबी भरली, पॉलिश पेपर मारला. बाजू झाकायला रद्दी साध्या चिकटपट्टीने लावली. काढताना जुना रंगही सोलून आला. बाबा काहीच बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

हेच दुखणं १९२३ मध्ये अमेरिकेत, सेंट पॉलच्या गॅरेजात रिचर्ड ड्रूने (१८९९–१९८०) पाहिलं. बँजो वाजवून फी भरणारा, मेकॅनिकल अर्धवट सोडलेला हा गडी थ्रीएमचा पॉलिश पेपर तपासायला तिथे गेला होता. दुरंगी गाड्यांवरचा कागद काढताना रंग निघे, पेंटर वैतागत. खरं तर त्याचा काय संबंध? पण साहेबांनी थांब म्हटलं तरी दोन वर्षं गोंदच करत बसला. १९२५ ला मास्किंग टेप आली, १९३० ला पारदर्शक टेप. मी आता मास्किंग टेप आणलीय. दार पुन्हा घासतोय.