खडतर वाटांचे प्रवासी : बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर

परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्राचे स्मरण करताना त्यांच्या पदव्या, त्यांचे ग्रंथ आणि भारतीय संविधान यांचा उल्लेख प्रथम होतो व तो योग्यच आहे. तथापि या स्मरणिकेसाठी लिहावयास बसलो तेव्हा आम्हास त्यांच्या जीवनातील रस्ते आठवले. आपल्या निवासी शाळेतील अनेक मुले दूरच्या वाड्या-वस्त्यांमधून येतात. पावसाळ्यात ओढे भरले की त्यांचे पालक महिना-महिना भेटीस येऊ शकत नाहीत. अशा मुलांना बाबासाहेबांचे हे चरित्र अधिक जवळचे वाटेल, असा आमचा विश्वास आहे.

महार समाजाचे आणि रस्त्याचे नाते जुने आहे. वतनाच्या नावाखाली गावाचा सांगावा पोहोचविणे, मयताची वार्ता घेऊन परगावी धावणे, सरकारी अंमलदारांना वाट दाखविणे ही कामे त्याच्याच माथी होती. रात्री-अपरात्री, उन्हापावसात तो चालत राहिला. ज्या वाटा त्याने पायाखाली घातल्या, त्याच वाटांवरून गाडीत बसून जाण्याचा त्याचा हक्क मात्र समाजाला मान्य नव्हता. १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे दुरुस्ती विधेयक मांडताना बाबासाहेबांसमोर ही सारी पायपीट होती.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त झाल्यानंतर कुटुंब साताऱ्यास आले आणि तेथेच माता भीमाबाईंचे छत्र हरपले. १९०१ साली सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी कामावर खजिनदार होते. उन्हाळ्याच्या सुटीत बाळ भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि दोन भाचे वडिलांच्या भेटीस निघाले. नवे कपडे, जरीच्या टोप्या, आगगाडीचा प्रवास. मुलांच्या आनंदाला पारावार नव्हता.

मसूर स्थानकावर मुले उतरली, पण पत्र न पोहोचल्यामुळे न्यावयास कोणीही आले नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा पालटला. बैलगाड्या उभ्या होत्या, परंतु एकही गाडीवान तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर तोड निघाली : गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने सोबत पायी चालावे. वाटेत ओढ्याचे पाणी शेणामुताने गढूळलेले होते. जवळ शिदोरी असूनही पाण्यावाचून ती पोटभर खाता आली नाही. मध्यरात्री नाक्यावर पोहोचल्यावर तेथेही कोणी घोटभर पाणी दिले नाही. डोंगराच्या पायथ्याशी गाडीतच रात्र काढून दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास मुले वडिलांना भेटली. दहा वर्षांच्या भीमरावांच्या मनावर या रात्रीचा ठसा कायमचा उमटला.

पुढचा काळ विद्येचा. मुंबईहून १९१३ साली न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, तेथून लंडन. सातासमुद्रापलीकडे त्यांना विद्येची दारे उघडी मिळाली. १९२३ साली ते डी.एस्सी. व बॅरिस्टर होऊन परतले आणि पुन्हा त्याच वाटांवर उभे राहिले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या दुसऱ्या परिषदेस जाताना खुष्कीच्या मार्गावर मोटारमालकांकडून अडवणूक होईल असे दिसत होते. म्हणून बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह ‘पद्मावती’ बोटीने दासगाव बंदरास उतरले आणि तेथून जवळजवळ पाच मैल पायी चालत महाडास गेले. २५ डिसेंबरच्या रात्री तेथे मनुस्मृतीचे दहन झाले.

ऑक्टोबर १९२९ मधील चाळीसगावचा प्रसंग मात्र अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे बाबासाहेब सदस्य होते. खानदेशचे काम आटोपल्यावर, धुळे मार्गावरील एका गावी अस्पृश्यांवर घातलेल्या बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावास परतले. स्थानकावर बांधवांनी हार घातले. महारवाडा दोन मैलांवर, नदीपलीकडे होता. समोर टांगे उभे असतानाही तासभर हालचाल होईना. अखेर एक टांगा आला, बाबासाहेब त्यात बसले आणि इतर मंडळी जवळच्या वाटेने पायी पुढे गेली. थोड्याच अंतरावर एका मोटारीशी होणारी टक्कर पोलिसाच्या ओरडण्यामुळे टळली. पुढे नदीवरील मोरीशी वळताना घोडा बिथरला, चाक कडेच्या दगडावर आदळले. बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले व बेशुद्ध झाले. घोडा आणि टांगा नदीत कोसळले. पायाचे हाड मोडले आणि कित्येक दिवस त्यांना अंथरुणास खिळून राहावे लागले.

त्या मोरीवरून रोज टांगे सुखरूप ये-जा करीत. मग हे घडले कसे? बॅरिस्टर झाला तरी अस्पृश्यच, अशा उतारूला घेऊन टांगा हाकण्यास एकही टांगेवाला राजी नव्हता. तेव्हा टांगा भाड्याने द्यावा आणि हाकणारा महारांनी आपला आणावा, असा तोडगा निघाला होता. मसूरची तोड आणि चाळीसगावची तोड आम्ही शेजारी-शेजारी ठेवून पाहतो तेव्हा मन सुन्न होते. मध्ये २८ वर्षे लोटली होती. अजाण बालकाचा जगन्मान्य विद्वान झाला होता. करार मात्र तोच राहिला : पैसे चालतील, माणूस चालणार नाही.

या घटनेचे बाबासाहेबांनी केलेले विवेचन आम्हास विशेष मोलाचे वाटते. त्यांनी टांगेवाल्यांच्या जातिगर्वावर बोट ठेवलेच, परंतु आपल्या माणसांची चूकही झाकली नाही. साहेबांनी पायी चालणे बांधवांना साहेबांच्या प्रतिष्ठेला शोभणारे वाटले नाही. त्या प्रेमापोटी, ज्याने कधी लगाम धरला नव्हता अशा भावाला त्यांनी टांग्यावर बसविले आणि साहेबांचे प्राणच संकटात आले. तो भाऊही मनाने भला होता. त्याच्याजवळ निष्ठा होती, कसब नव्हते. वर्गात हा धडा शिकविताना आम्ही पूर्वी केवळ टांगेवाल्यांचा निषेध करून थांबत असू. अलीकडे आम्ही त्या हाकणाऱ्या भावाबद्दलही बोलतो. ज्या समाजाला विद्येपासून व कौशल्यापासून दूर ठेवले गेले, त्याचे प्रेमसुद्धा कधी कधी त्याच्याच नेत्याला इजा करते, हे विद्यार्थ्यांना समजले पाहिजे.

त्याच समितीने १९३० साली आपला अहवाल दिला आणि दलित विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या व वसतिगृहे वाढविण्याची शिफारस केली. तत्पूर्वीच, १९२५ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेचे वसतिगृह सोलापूरला सुरू झाले होते. खेड्यातील मुलाला रोजची वाट झेपत नसेल, तर विद्येच्या गावी त्याच्या निवाऱ्याची सोय करावी, हा विचार त्यामागे होता. पीपल्स एज्युकेशन सोसायटी १९४५ साली स्थापन झाली, मुंबईस सिद्धार्थ आणि औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. आपली निवासी शाळा याच परंपरेची एक लहानशी शाखा आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर त्यांनी लाखोंना तथागतांच्या मार्गावर आणले आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज आमच्या मुलांना टांगा नाकारला जात नाही. तरीही अनेक वस्त्यांपर्यंत डांबरी सडक गावाच्या वेशीवरच थांबते आणि पुढची वाट चिखलाचीच राहते. येथून शिकून बाहेर पडणाऱ्यांपैकी कोणी अभियंता होईल, कोणी ग्रामसेवक, कोणी शिक्षक, कोणी वाहनचालक. कोणतेही काम हाती घेतले तरी त्यांनी त्यात पारंगत व्हावे. चाळीसगावच्या त्या भावाच्या हाती लगाम अवचित आला. आमच्या मुलांच्या हाती तो येईल तेव्हा त्यांचे हात थरथरू नयेत, एवढ्याचसाठी हा सारा खटाटोप आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!