जमिनीचा ‘ईसीजी’ काढणारा कॉनराड

मिरकरवाड्यासारख्या समुद्राला लागून असलेल्या वस्तीत विहिरीच्या पाण्याचा प्रश्न केवळ चवीचा नसतो. उपसा वाढला की जमिनीखालून खारे पाणी आत सरकू शकते. असे पाणी रोज पोटात गेले तर मिठामुळे रक्तदाब वाढण्याची भीती असते. बांगलादेशच्या किनारी भागातील अभ्यासांत खारे पाणी आणि गरोदर स्त्रियांचा वाढता रक्तदाब यांचा संबंध दिसून आला आहे. हे पाणी कुठवर आले आहे, ते न खणता ओळखण्याची वाट ज्यांनी घालून दिली त्यांत कॉनराड श्लुम्बर्जे यांचे नाव अग्रणी आहे.

त्यांचा जन्म 1878 साली अल्सास प्रांतातील गेब्विलेर येथे झाला. तेव्हा तो प्रांत जर्मनीच्या ताब्यात होता. शिक्षण मात्र फ्रान्समध्ये झाले. पुढे पॅरिसच्या खाण महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवू लागले. तिथेच टबात वाळू भरून त्यातून वीज सोडण्याचे त्यांचे प्रयोग सुरू झाले. 1912 मध्ये नॉर्मंडीतील घरच्या इस्टेटीवर त्यांनी खऱ्या जमिनीवर मोजमाप केले.

कल्पना साधी होती. दोन सळ्या जमिनीत रोवून वीज सोडायची आणि मधल्या दोन सळ्यांवर दाब मोजायचा. कोरडा कातळ विजेला अडवतो, खारे पाणी तिला सहज वाट देते. बाहेरच्या सळ्या जितक्या लांब न्याव्यात, तितक्या खोलची माहिती मिळते. त्याच सुमारास डॉक्टर हृदयातील विजेचा आलेख छातीबाहेरून काढायला शिकत होते. फरक इतकाच, की हृदय स्वतः वीज निर्माण करते, जमिनीला ती द्यावी लागते.

पहिल्या महायुद्धाने काम थांबले. 1919 मध्ये वडील पॉल यांनी 5 लाख फ्रँक देऊ केले. नफ्यापेक्षा विज्ञान मोठे मानावे, अशी त्यांची अपेक्षा होती. धाकटा भाऊ मार्सेल सोबतीला आला. 1927 मध्ये पेशेलब्रॉन येथे त्यांच्या चमूने तेलविहिरीत उपकरण सोडून थरांचा विद्युत आलेख काढला. तेल उद्योगाला नवे डोळे मिळाले. 1936 मध्ये सोव्हिएत रशियाहून परतताना स्टॉकहोममध्ये कॉनराड यांचे निधन झाले.

सळ्या मांडण्याची त्यांच्या नावाची पद्धत आजही भूजल शोधण्यासाठी जगभर वापरली जाते. तिलाही मर्यादा आहेत. ओली चिकणमाती आणि खारे पाणी आलेखात सारखेच दिसू शकतात. ईसीजीवरून रोग्याला तपासल्याशिवाय निदान करू नये, तसेच इथेही पाण्याचा नमुना तपासावाच लागतो. विहिरीची चव बदलली, तर पाणी प्रयोगशाळेत द्यावे. उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही.