कोर्नेई चुकोव्स्की आणि एक साधा इंग्रजी शब्द

इंग्रजीतील 'काइंड' हा शब्द आपल्यापैकी कोणाला अडत असेल असे मला वाटत नाही. प्राचार्यांकडे अर्ज करताना आपण 'काइंडली' लिहितो, ते 'कृपया' ह्या अर्थाने. पण हाच शब्द नाम झाला की 'प्रकार' होतो. दोन माणसे एकाच 'काइंड'ची म्हटली की ती एका माळेचे मणी. रोख पैशाऐवजी धान्य दिले तर ते देणे 'इन काइंड'. आणि अपमानाची परतफेड 'इन काइंड' केली तर जशास तसे! ह्या शब्दाने रशियाच्या एका थोर कवीला चकवले होते. ती चूक ज्याने आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवली, त्या कोर्नेई चुकोव्स्कीविषयी मला लिहावयाचे आहे. रशियन मुले त्याला बालकवी म्हणून ओळखतात. मला तो अनुवादाचा परीक्षक म्हणून अधिक जवळचा वाटतो.

त्याचा जन्म १८८२ साली सेंट पीटर्सबर्ग येथे झाला, बालपण गेले ओडेसात. मूळ नाव निकोलाय कोर्नेइचुकोव. आई शेतकरी कुळातली. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते आणि वडील कुटुंबाला सोडून गेले होते. रशियात माणसाला आदराने हाक मारायची ती वडिलांच्या नावासकट, आणि ह्या मुलाला कायद्याने ते नावच नव्हते. ही बोच त्याला फार दिवस छळत राहिली. आईने लोकांचे कपडे धुऊन मुलांना वाढवले. शाळेतून त्याला काढून टाकण्यात आले. त्याचे कारण आपला हलका जन्म, असे त्याने पुढे लिहिले. मग आईच्याच आडनावाचे दोन तुकडे करून त्याने स्वतःसाठी नवे नाव घडवले. कोर्नेई चुकोव्स्की ही त्याची पहिली शब्दरचना म्हटली तरी चालेल.

घरे रंगवण्याचे काम करता करता तो जुन्या बाजारात घेतलेल्या एका स्वयंशिक्षकावरून इंग्रजी शिकला. छपरावर खडूने शब्द लिहायचे आणि पाठ करायचे. १९०३ साली ओडेसाच्या एका वृत्तपत्राने त्याला बातमीदार म्हणून लंडनला पाठवले. डोक्यात शब्द हजारो होते, पण उच्चार कानावर कधी पडलेच नव्हते. लंडनकरांचे बोलणे त्याला उमगेना. तेव्हा त्याने ग्रंथालय गाठले आणि इंग्रजी साहित्य झपाट्याने वाचून काढले.

१९१८ साली गॉर्कीने जागतिक साहित्याच्या अनुवादांसाठी प्रकाशनसंस्था काढली. तिथल्या अनुवादकांसाठी चुकोव्स्कीने कवी गुमिल्योवबरोबर १९१९ साली एक छोटी पुस्तिका लिहिली. गुमिल्योवला १९२१ साली गोळ्या घालण्यात आल्या. पुस्तिका मात्र वाढत गेली आणि १९४१ साली 'उच्च कला' ह्या नावाने ग्रंथरूप पावली.

'काइंड'ची हकिगत ह्याच ग्रंथातली. स्कॉटिश कवी बर्न्सच्या विरहगीतातील चार ओळी बायरनने आपल्या एका काव्याच्या आरंभी घेतल्या होत्या. लेर्मोंतोवने विशीच्या आतच त्यांचा रशियन अनुवाद केला. मुळात 'काइंडली' आहे, म्हणजे जिव्हाळ्याने. लेर्मोंतोवला लहानपणापासून जर्मन येत होते, आणि जर्मनमध्ये ह्याच चार अक्षरांचा शब्द म्हणजे मूल! त्यामुळे रशियन कवितेत प्रेमातील जिव्हाळा गेला आणि प्रेमिक लहान मुले होऊन बसले.

आपण असतो तर इथेच लाल शाईने गुण कापून मोकळे झालो असतो. चुकोव्स्की तसे करत नाही. एखाददुसरा शब्द चुकणे हा त्याच्या लेखी क्षम्य अपराध. लेखकाचा चेहराच बदलणे हा अक्षम्य. गेल्या शतकाआधीच्या व्वेदेन्स्कीने डिकन्सच्या अनुवादात मनाला येईल ते घुसडले होते, तरी त्यात डिकन्सचे हसू होते. पुढे आलेल्या लानच्या अनुवादात शब्द काटेकोर, पण हसू हरवलेले. चुकोव्स्कीने व्वेदेन्स्कीचे दोष झाकले नाहीत, पण कौल दिला तो हसण्याला. ह्या न्यायाने लेर्मोंतोवही सुटतो, आणि मला हा न्याय पटतो. शब्दकोशावर वाढलेल्या माणसाने शब्दकोशाची मर्यादा सांगावी, ह्याला वजन आहे.

त्याने स्वतः काय केले पाहा. लॉफ्टिंगच्या गोष्टीतला डॉक्टर डूलिटल, म्हणजे थोडेच काम करणारा, रशियनमध्ये आणताना त्याने नाव ठेवले आयबोलित. अर्थ साधारण 'आई ग, दुखतंय'. शब्द एकही जुळत नाही, पण दवाखान्यातले मूल जुळते.

आयुष्य मात्र सुखाचे नव्हते. १९२८ साली लेनिनच्या पत्नीने, क्रूप्स्कायाने, 'प्राव्दा'त त्याच्या 'मगर' ह्या बालकाव्यावर कडाडून टीका केली आणि त्याच्या बालगीतांवर गंडांतर आले. १९३१ साली अकरा वर्षांची मुलगी मूरा क्षयाने गेली. १९३८ साली जावई, भौतिकशास्त्रज्ञ ब्रॉन्स्टाइन, ह्याला गोळी घातली गेली. एक मुलगा युद्धात पडला. ह्या सगळ्यातून तो भाषेवर लिहीतच राहिला.

१९६२ साली ऑक्सफर्डने त्याला डॉक्टरेट दिली. शाळेतून घालवलेला मुलगा ऐंशीच्या घरात तो झगा घालून उभा राहिला. मॉस्कोजवळच्या पेरेदेल्किनो गावी त्याने स्वखर्चाने मुलांसाठी ग्रंथालय बांधले होते. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तो वारला. त्याला पुरले ते त्याच गावात.